तारीख एक, नोंदी दोन

जुन्या घरांतून मुलाच्या जन्माची पहिली नोंद होई ती पंचांगाच्या समासांत, नाहीं तर जमाखर्चाच्या वहींत. आजोबा घटिका-पळें टिपून ठेवीत, जोशीबुवा मागाहून पत्रिका मांडीत, आणि मूल शाळेंत जाण्याजोगें झालें म्हणजे घरांतील कोणी तरी वडील माणूस त्याला बोटाशीं धरून मास्तरांपुढें नेऊन उभें करी. "जन्म कधींचा?" असें मास्तर विचारीत. "श्रावणांतला," असें उत्तर मिळे. शकांतल्या तिथीवरून इंग्रजी तारीख काढण्याचा खटाटोप मास्तरांनीं करावा तरी कां? ते पटावर १ जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्रांतील इतक्या माणसांचा वाढदिवस नेमका १ जूनलाच कसा, असें कोडें परप्रांतीयांस पडतें. आपणांस त्याचें उत्तर ठाऊक असतें, आणि आपण तें हंसण्यावारी नेतों.

आमच्या लोणी काळभोरच्या घरीं हें हंसूं एके दिवशीं एकाएकीं ओसरलें. माझी पुतणी बँकेंत नोकरीस आहे. प्रादेशिक सेनेंत, म्हणजे जिला इंग्रजींत टेरिटोरियल आर्मी म्हणतात तींत, अधिकारी होण्यासाठीं अर्ज करावयाचा तिनें निश्चय केला. अर्ज भरावयास बसली तों ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर १२ ऑगस्ट १९९८, आणि शाळेच्या पटावर व म्हणून मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर १ जून १९९८! ती शाळा कोणती हें सांगण्यांत अर्थ नाहीं. पहिलींत प्रवेश मिळावा म्हणून तिला अडीच महिने आधीं जन्माला घालण्यांत घरच्या मंडळींची संमति असलीच पाहिजे. वहिनी म्हणाल्या, "बहात्तर दिवसांनीं काय आभाळ कोसळणार आहे?" दादांचें मत असें कीं, मॅट्रिकच्या कागदावर आहे तीच लिहावी, पुढचें पुढें पाहतां येईल. पुतणी मात्र माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, पुढें पाहतां येत असतें, तर तो जनरलसाहेबांचा खटला झालाच नसता."

तिनें ज्या खटल्याचा उल्लेख केला, तो बहुतेक वाचकांस ओझरता आठवत असेल. परंतु त्याच्या तपशिलांत शिरल्यावर माझी अशी खात्री झाली कीं, लेकीसुनांचीं व मुलांचीं कागदपत्रें ज्यांच्या कपाटांत आहेत अशा प्रत्येक कुटुंबानें तो एकदां नीट वाचावा.

जनरल विजयकुमार सिंग हे मूळचे हरियाणांतील भिवानी जिल्ह्याचे. वडील लष्करांत असल्यामुळें त्यांचा जन्म मात्र आपल्या पुण्याच्या लष्करी इस्पितळांतला. ते पिलानीच्या शाळेंत शिकत असतांना, १९६५ सालीं, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेसाठीं त्यांचा अर्ज गेला. त्या अर्जांत जन्मतारीख पडली १० मे १९५०. पुढें मॅट्रिकचें प्रमाणपत्र हातीं आलें त्यावर होती १० मे १९५१. अर्ज शाळेंतील शिक्षकानें भरला व आंकडा चुकला, असें जनरलसाहेबांचें म्हणणें. चूक कोणाचीही असो, १९७० च्या जूनमध्यें ते राजपूत पलटणींत अधिकारी म्हणून दाखल झाले तेव्हां दोन्ही तारखा त्यांच्याबरोबर लष्करांत शिरल्या होत्या.

आतां लष्करी मुख्यालयाची घडण अशी आहे कीं, एका अधिकाऱ्याचे कागद दोन शाखांत राहतात. अॅडज्युटंट जनरलची शाखा सेवेच्या मूळ नोंदी सांभाळते. मिलिटरी सेक्रेटरीची शाखा नेमणुका व बढत्या पाहते. पहिलीच्या दप्तरांत १९५१ राहिलें, दुसरीच्या दप्तरांत १९५०. दोन्ही दप्तरें एकाच सरकारचीं, एकाच शहरांतलीं, आणि तरी पस्तीसएक वर्षें त्यांची गांठ पडली नाहीं! बढतीच्या प्रत्येक पायरीवर जी शाखा निर्णय घेई तिच्याजवळ १९५० होतें. अधिकारी चढत गेला, त्याच्याबरोबर चुकीचा म्हणा वा वादाचा म्हणा, तो आंकडाही चढत गेला.

वाद पेटला तो वरच्या हुद्द्यांची वेळ आल्यावर. विसंगति दूर करा, असें २००६ च्या सुमारास त्यांस सांगण्यांत आलें. त्यांनीं १९५१ चा आग्रह धरला. मिलिटरी सेक्रेटरीच्या शाखेनें मानलें नाहीं. अखेर २००८ व २००९ सालीं, पुढील नेमणुकांचा विचार चालू असतां, त्यांनीं वरिष्ठांच्या सांगण्यास मान देऊन १९५० ची तारीख लेखी मान्य केली. संस्थेच्या हितासाठीं व वरिष्ठांवर विश्वास ठेवून आपण तसें लिहिलें, हा त्यांचा पुढचा खुलासा. ३१ मार्च २०१० रोजीं ते लष्करप्रमुख झाले.

लष्करप्रमुखाची मुदत तीन वर्षें किंवा वयाचीं बासष्ट वर्षें, यांपैकीं जें आधीं येईल तें. म्हणजे जन्म १९५१ चा धरला तर ३१ मार्च २०१३ पर्यंत ते अधिकारपदावर राहते. १९५० चा धरला तर ३१ मे २०१२ ला निवृत्त होणें प्राप्त. दहा महिन्यांचा फरक. पण हे दहा महिने एकट्याचे नव्हते. लष्करांत वरचा माणूस खुर्चींत किती दिवस बसतो यावर खालच्या चार-सहा जणांचें नशीब ठरतें. जनरलसाहेब २०१३ पर्यंत राहिले तर त्यांच्या जागीं जाण्याचा क्रम आपले मराठी अधिकारी लेफ्टनंट जनरल के. टी. परनाईक यांचा लागेल, असा हिशेब त्या वेळीं वृत्तपत्रांतून मांडला जात होता. प्रत्यक्षांत जनरल बिक्रम सिंग त्या जागीं आले.

संरक्षण खात्यानें २१ जुलै २०११ रोजीं आज्ञा काढली कीं, जन्मतारीख १० मे १९५० हीच धरावी. जनरलसाहेबांनीं कायद्यानें दिलेला तक्रारीचा मार्ग धरला. ती तक्रार ३० डिसेंबर २०११ ला फेटाळली गेली. १६ जानेवारी २०१२ रोजीं ते सर्वोच्च न्यायालयांत गेले. स्वतंत्र भारतांत पदावर असलेल्या लष्करप्रमुखानें सरकारवर फिर्याद लावावी, असें त्यापूर्वीं कधीं झालें नव्हतें. चहाच्या दुकानापासून संसदेपर्यंत दोन तट पडले. एक म्हणे, सेनापतीनें असें करूं नये. दुसरा म्हणे, सेनापतीलाच न्याय नसेल तर शिपायानें कोणाकडे पाहावें?

१० फेब्रुवारीला न्यायमूर्ति लोढा व न्यायमूर्ति हेमंत गोखले यांच्यापुढें सुनावणी झाली. तक्रार फेटाळण्याच्या रीतींत दोष होता, कारण ज्यांचा सल्ला घेऊन पहिली आज्ञा निघाली त्यांचाच सल्ला तक्रारीच्या निकालासही घेतला होता. न्यायालयाचा रोंख ओळखून सरकारनें ३० डिसेंबरची आज्ञा मागें घेतली. येथवर जनरलसाहेबांचा जय म्हणावयाचा. परंतु मूळ प्रश्नावर न्यायालयाचें मत स्पष्ट होतें. त्यांच्या सचोटीविषयीं शंका नाहीं; मात्र ते खरोखर कोणत्या दिवशीं जन्मले हा प्रश्न न्यायालयापुढें नाहींच, सेवेच्या नोंदींत कोणती तारीख मानली गेली आणि त्यांनीं स्वतः कोणती मान्य केली, एवढाच प्रश्न आहे. हें ऐकल्यावर अर्ज परत घेण्यांत आला, आणि ३१ मे २०१२ रोजीं जनरलसाहेब निवृत्त झाले.

या निकालाची टोंचणी कोठें आहे तें पाहा. आई, इस्पितळ व मॅट्रिकचें प्रमाणपत्र एकीकडे, आणि शाळकरी वयांतला एक अर्ज दुसरीकडे. तरी अर्जानें मात केली, कारण त्याच्या पाठीशीं चाळीस वर्षांची वहिवाट आणि शेवटीं खुद्द त्यांचाच "मान्य" हा शब्द उभा होता. माझें मत विचाराल तर त्यांची तारीख १९५१ चीच असावी असें मला वाटतें, आणि न्यायालयाचा निर्णयही मला चुकीचा वाटत नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात. ज्या नोंदीवर आपण बढती घेतली व ज्या नोंदीमुळें दुसऱ्याची बढती हुकली, ती शेवटच्या वर्षीं फिरविणें म्हणजे आपल्याबरोबर धांवणाऱ्यांची शर्यतही फिरविणें होय. मुलकी नोकरींतही हेंच तत्त्व आहे. महाराष्ट्र शासनाच्या १९८१ च्या सेवाशर्तींत जन्मतारखेची दुरुस्ती नोकरीस लागल्यापासून पांच वर्षांच्या आंत मागावी लागते, आणि निवृत्तीच्या तोंडावर आलेल्यांस न्यायालयें सहसा उभीं करीत नाहींत.

मग "मान्य" म्हणून सही केली कीं सर्वच दारें बंद, असें समजावें काय? तसेंही नाहीं. आणि येथें राखीव सैनिकाचा एक खटला मला फार बोलका वाटला.

प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा, व तिचें उद्घाटन ९ ऑक्टोबर १९४९ रोजीं त्या वेळचे गव्हर्नर जनरल राजाजी यांनीं केलें. आपला धंदा-नोकरी सांभाळून वर्षांतून सुमारें दोन महिने शिक्षण घ्यावयाचें, आणि हांक आली कीं गणवेश चढवावयाचा, अशी तिची योजना. पुण्यास मराठा लाइट इन्फन्ट्रीची १०१ वी प्रादेशिक पलटण आहे. पदवीधर व मिळवता, अठरा ते बेचाळीस वयाचा कोणीही नागरिक तींत अधिकारी होण्यासाठीं अर्ज करूं शकतो. आणि "कोणीही" यांत स्त्रिया येतात कीं नाहीं हा वाद दिल्ली उच्च न्यायालयानें २०१८ च्या जानेवारींत स्त्रियांच्या बाजूनें तोडला. (सचिन तेंडुलकर यांस २०१० सालीं विमानदलानें किंवा धोनी यांस २०११ सालीं प्रादेशिक सेनेनें दिलेला हुद्दा मानाचा. आमच्या घरच्या धाकट्यांची समजूत अशी होती कीं आत्यालाही तसाच मिळणार! ती दूर करावी लागली.)

या सेनेंतील एका जवानाची हकीकत अशी. पंचवीस वर्षें पायदळांत काढून तो पर्यावरण रक्षणासाठीं उभारलेल्या प्रादेशिक पलटणींत पुन्हां भरती झाला. २००९ सालीं सुटीवर घरीं जात असतां अपघात होऊन त्याचा एक पाय कापावा लागला. अपंगत्वाचें निवृत्तिवेतन मागतांच उत्तर मिळालें कीं, या पलटणींतील लोकांस तें लागू नाहीं, आणि तसें मान्य असल्याची तुझी सही आमच्याजवळ आहे. १७ डिसेंबर २०२१ रोजीं न्यायमूर्ति नागेश्वर राव व अमरावतीचे न्यायमूर्ति भूषण गवई यांनीं ती सही बाजूला सारली. एका बाजूला भारत सरकार व दुसऱ्या बाजूला नोकरीची गरज असलेला शिपाई, अशा विषम स्थितींत घेतलेली सही त्याचा हक्क हिरावूं शकत नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. सेनापतीची सही त्यास बांधली, शिपायाची सुटली. नाहीं म्हणण्याचें बळ कोणास होतें आणि कोणास नव्हतें, हें पाहिलें म्हणजे दोन्ही निकालांचा मेळ बसतो.

आणखी एक प्रकार यांहून निराळा व सूक्ष्म. नोंद खोटी नसते, खाडाखोडही नसते, परंतु ती लिहितांना लिहिणाऱ्याचें लक्षच नसतें. १९९२ पासून स्त्रिया लष्करांत अधिकारी म्हणून येऊं लागल्या, त्या कांहीं ठराविक वर्षांपुरत्या. त्यांस कायम कमिशन मिळावयाचेंच नाहीं, तेव्हां त्यांच्या वार्षिक गोपनीय अहवालांत गुण मन लावून कशाला द्यावयाचे? चांगले शेरे पुरुष सोबत्यांस जात. बाईंचें कामापुरतें भागविलें जाई. १७ फेब्रुवारी २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कायम कमिशनचा हक्क दिला. तेव्हां निवड मंडळानें जुने अहवाल बाहेर काढले आणि सेवेच्या पांचव्या वा दहाव्या वर्षापर्यंतचेच गुण मोजले. पुढें मिळविलेलीं पदकें, परदेशांतील कामगिऱ्या, सारें वगळलें. लेफ्टनंट कर्नल नितीशा व त्यांच्या भगिनी पुन्हां न्यायालयांत गेल्या. २५ मार्च २०२१ च्या निकालांत न्यायमूर्ति चंद्रचूड यांनीं हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरविला: नियम सर्वांस सारखा दिसतो, परंतु ज्या नोंदींवर तो चालवितात त्याच मुळांत असमान लिहिलेल्या असतात. तरीही २०२३ च्या नोव्हेंबरांत, कर्नलच्या बढतीच्या वेळीं गोपनीय अहवालांना लावलेल्या कालमर्यादेवरून, त्याच न्यायालयास निवड मंडळ पुन्हां बसविण्याची आज्ञा द्यावी लागली.

राखीव अधिकाऱ्याच्या बाबतींत हे तिन्ही धोके एकत्र येतात. त्याचें आयुष्यच तुकड्यांत विभागलेलें: दहा महिने बँकेच्या हजेरीपटावर, दोन महिने पलटणीच्या. लेफ्टनंट कर्नलपर्यंतचे हुद्दे ठराविक मुदत व अटी पुऱ्या केल्यावर मिळतात, त्यापुढचे निवडीनें. आणि निवृत्तिवेतनास लागणारीं वीस वर्षें प्रत्यक्ष पाचारण झालेल्या सेवेचींच मोजतात. म्हणजे कोणत्या तारखेस हजर झालों व कोणत्या तारखेस मोकळे झालों याचा एक कागद हरवला तर तितका काळ आपण लष्करांत नव्हतोंच! अमेरिकेंत राखीव अधिकाऱ्यांची संख्या मोठी, तेथें अशा चुका इतक्या होत कीं, एकेका माणसाची नोंद सुधारण्यासाठीं तेथील काँग्रेस स्वतंत्र कायदे करीत बसे. त्याला कंटाळून १९४६ सालीं सेवेच्या नोंदी दुरुस्त करण्याचा अधिकार खात्यांस दिला गेला व त्यासाठीं मुलकी सभासदांचीं मंडळें बसविण्यांत आलीं. चूक उमगल्यापासून तीन वर्षांच्या आंत तेथें अर्ज करावा लागतो. न्यायासाठीं जरूर वाटल्यास मंडळ उशीर माफ करूं शकतें.

आपल्याकडे तसें निराळें मंडळ नाहीं. सैन्याच्या १९५० च्या कायद्याचें २७ वें कलम अधिकाऱ्यास वर तक्रार करण्याचा हक्क देतें. तेथें दाद न लागल्यास २००७ च्या कायद्यानें स्थापन झालेलें सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचें एक पीठ मुंबईस बसतें. तक्रारीवर सहा महिने उत्तर आलें नाहीं तर तेवढ्यानेंच त्याच्याकडे जाण्याची वाट मोकळी होते. उत्तर आलें तर तेथून सहा महिन्यांत गेलें पाहिजे. निवृत्त झालेल्यांसही तें खुलें आहे. पगाराच्या बाबतींत तर पुणेकरांस दूर जावयास नको. आमच्या गांवाहून सोलापूर रस्त्यानें हडपसर ओलांडून गेलें कीं गोळीबार मैदानावर जी कचेरी लागते, तींत देशभरच्या लष्करी अधिकाऱ्यांचीं पगारखातीं आहेत. लडाखमध्यें उभ्या असलेल्या मेजरच्या पगारांतील चुकीचा उगम पुष्कळदां आपल्या शेजारच्या एखाद्या टेबलावर सांपडतो.

हें सारें मी एका रात्रीं जेवणानंतर दादांस व वहिनींस वाचून दाखविलें. दादा म्हणाले, "अर्जाची मुदत आठ दिवसांत संपते. तोंवर बोर्डाचा कागद थोडाच बदलून मिळणार? आतां भर, मग दुरुस्त कर." बोलणें व्यवहाराचें होतें. शाळा सोडल्यावरही उघड दिसणारी चूक पटावर सुधारतां येते, असें मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें २०१९ सालीं ठरविलें आहे खरें. पण शाळेचा अर्ज, शिक्षणाधिकाऱ्यांची आज्ञा, मग बोर्ड, या फेऱ्यांस महिने लागतात. पुतणी म्हणाली, "दादा, आज मी १ जून लिहिलें तर तें मास्तरांनीं लिहिलेलें राहणार नाहीं. तें मीं लिहिलेलें होईल." ती वडिलांस दादाच म्हणते.

मुदत संपली, अर्ज गेला नाहीं. दादा दोन दिवस कोणाशीं धड बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं सकाळीं आईच्या जुन्या ट्रंकेंतून त्यांनीं पिवळी पडलेली पत्रिका काढली. तीवर शके १९२०, श्रावण वद्य पक्ष असें जोशीबुवांचें अक्षर स्पष्ट होतें. कायद्याच्या दृष्टीनें त्या कागदाची मातबरी थोडीच, हें त्यांसही ठाऊक होतें. तरी ग्रामपंचायतीच्या दाखल्याच्या नकलेखालीं तो नीट घडी करून ठेवून ते म्हणाले, "चल, शाळा साडेदहाला उघडते. मी येतों बरोबर. सही माझीच असेल त्या पटावर."